वाहन चालवताना भ्रमणध्वनीचा वापर (भारतीय कायदा)

वाहन चालवत असताना चालकाने भ्रमणध्वनी किंवा हातात धरावयाचे तत्सम संपर्क साधन वापरणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ अन्वये दंडनीय अपराध आहे. २०१९ च्या सुधारणेपूर्वी या कलमात अशा साधनांचा स्पष्ट उल्लेख नव्हता.

पार्श्वभूमी
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते भ्रमणध्वनी वापरणाऱ्या चालकाचा अपघात होण्याची शक्यता इतर चालकांच्या तुलनेत सुमारे चौपट असते. त्याला ब्रेक लावण्यास व सिग्नलला प्रतिसाद देण्यास अधिक वेळ लागतो, तसेच मार्गिकेत राहणे व पुढील वाहनापासून योग्य अंतर राखणे अवघड जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारतात या कारणाने १,९९७ अपघात झाले व त्यांत १,०४० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

२०१९ पूर्वीची स्थिती
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ नुसार वाहन चालवताना भ्रमणध्वनी वापरणे हे परवाना निलंबित करण्याचे एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा चालकांचे परवाने किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. शिक्षेच्या बाबतीत मात्र संदिग्धता होती. सार्वजनिक सुरक्षिततेस धोका निर्माण झाला नसेल, तर वाहन चालवताना केवळ भ्रमणध्वनीवर बोलणे हा केरळ पोलीस अधिनियमाच्या कलम ११८(ई) खालील अपराध ठरत नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये दिला.

कलम १८४ मधील सुधारणा
मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील दंडविषयक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयी आहे. सुधारणेने त्यास जोडलेल्या स्पष्टीकरणात लाल सिग्नल ओलांडणे, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन चालवणे इत्यादींबरोबर हातात धरावयाच्या संपर्क साधनांच्या वापराचाही समावेश करण्यात आला. पहिल्या अपराधासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तीन वर्षांच्या आत अपराध पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कलम २०० अन्वये राज्य शासन तडजोड शुल्क ठरवते. ते भरल्यास प्रकरण न्यायालयात न जाता मिटते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या अपराधासाठी दुचाकीस्वारास १,०००, चारचाकी चालकास २,००० व इतर वाहनांच्या चालकास ४,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याच्या चित्रणावरूनही या अपराधाबद्दल ई-चलान देता येते.

अपवाद व मर्यादा
१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे साधन केवळ मार्गदर्शक नकाशासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरता येते.

कलम १८४ चा भर साधन हातात धरण्यावर आहे, तर नियम २१ मध्ये असा भेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन हातात न धरता बोलणे हे धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही, कारण दोन्ही प्रसंगी चालकाचे लक्ष विचलित होते.

इतर देश
व्याख्येचा प्रश्न अन्यत्रही उद्भवला आहे. युनायटेड किंग्डममध्ये डिसेंबर २००३ पासून वाहन चालवताना हातात फोन धरून वापरण्यास बंदी आहे. तथापि ही बंदी संवादासाठी केलेल्या वापरापुरती असल्याने फोनने चित्रीकरण करणे तीत येत नाही, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्यानंतर २५ मार्च २०२२ पासून छायाचित्रण, खेळ किंवा गाणी निवडणे यांसह जवळपास सर्व प्रकारचा वापर बंदीच्या कक्षेत आणण्यात आला.