कॅमेऱ्याला वाघ दिसत नाही

आपल्या सोसायटीच्या जिन्यात आपोआप लागणारा दिवा असतो ना, तिथूनच सुरुवात करू. आपण पायरी चढलो की दिवा लागतो. मध्येच फोन आला, जागेवर उभं राहून बोलत बसलो, की विझतो. मग हात हलवायचा. चांदोली आणि कोयनेच्या जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा नेमका याच तत्त्वावर चालतो.

त्याच्या पोटात एक सेन्सर असतो. तो चित्र पाहत नाही, उष्णता पाहतो. त्याचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. ढग सरला, ऊन पडलं, तर दोन्हींना सारखंच कळतं आणि फरक शून्य होतो. पण गवा आडवा गेला की त्याच्या अंगाची ऊब आधी एका भागाला लागते, मग दुसऱ्याला. हा फरक म्हणजे इशारा. त्यावर झोपलेला कॅमेरा सेकंदाच्या आत जागा होऊन फोटो काढतो. म्हणजे 'वाघ आला' असं त्याला कधीच समजत नाही, 'काहीतरी ऊबदार सरकलं' एवढंच समजतं.

आता गंमत बघा. जनावर थेट कॅमेऱ्याकडे चालत आलं तर हा फरक उशिरा पडतो. म्हणून कॅमेरा वाटेला काटकोनात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा. वाघासाठी तर दोन लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, कारण त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला, तर हा वाघ कालचाच की दुसरा, हे सांगताना पंचाईत होते.

आणि आपले सडे! एप्रिलच्या दुपारी तो काळा कातळ जनावराच्या अंगाइतका तापतो. फरकच उरला नाही तर सेन्सर काय करणार? उलट तापलेलं गवत वाऱ्याने हललं की फोटोवर फोटो. कार्ड उघडावं तर नुसतं गवत. म्हणून समोरचं गवत आधी कापायचं, सूर्य समोर येईल अशी दिशा टाळायची.

एवढा खटाटोप कशासाठी? सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, सातारा-सांगलीची ही दोन्ही जंगलं त्यात आली. वाघ आहे, असं ठसे आणि विष्ठा सांगत होते, पण फोटो नव्हता. तो मिळाला मे २०१८ मध्ये. मग डिसेंबर २०२३ मध्ये एक नर वाघ कॅमेऱ्यात आला. जिथे वाघ इतका विरळ, तिथे एक चुकलेला फोटो फार महागात पडतो. ताडोबात तो चुकला तर उद्या दुसरा मिळेल. इथे पुन्हा कधी, सांगता येत नाही.

म्हणून कॅमेरा बांधून झाला की निघण्याआधी एक काम उरतं. चाचणीचं बटण दाबायचं आणि एकाने त्याच्यासमोरून वाटेवर चक्क हातापायांवर रांगत जायचं. लाल दिवा लुकलुकला तर ठीक. नाहीतर पट्टा सोडा, कॅमेरा थोडा खाली घ्या, आणि पुन्हा रांगा.