वऱ्हाडच्या ताटातील जवस आणि वाढत्या वजनाचा प्रश्न

ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि जवसाची चटणी हे वऱ्हाडातील घराघराचे नित्याचे जेवण. शेतावर निघालेल्या माणसाच्या शिदोरीत आणखी काही असो वा नसो, भाकरीच्या घडीत चटणी असेच. सकाळी अशी भाकर खाल्ली की दुपार कलेपर्यंत पुन्हा भूक लागत नाही, हा जुन्या माणसांचा अनुभव आहे. तो अनुभव केवळ सवयीचा नव्हता, त्यामागे निश्चित कारण होते, असे आता आहारशास्त्र सांगू लागले आहे. गंमत अशी की, ज्या काळात हे कारण उलगडले, त्याच काळात ही चटणी अमरावती-अकोल्याच्या ताटातून हळूहळू बाजूला सरली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. हा प्रश्न आता केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बसून काम करणारा लिपिक, मोटारसायकलवरून शाळेत जाणारे शिक्षक आणि पंचायत समितीच्या बैठकांत चहा-फराळ घेणारे सदस्य या सर्वांना तो लागू पडतो. माहिती खात्यात काम करणाऱ्यांनाही पडतो, हे प्रस्तुत लेखकाने मोकळेपणाने मान्य केलेले बरे. कष्ट कमी झाले, पण ताट मात्र पूर्वीइतकेच राहिले. ज्वारीची जागा बारीक चाळलेल्या कणकेने व भाताने घेतली आणि चौकातल्या कचोरी-समोशाची त्यात भर पडली.

वजन कमी करू पाहणाऱ्यांचा निश्चय बहुधा भुकेपाशी मोडतो. एक पोळी कमी केली की दोन तासांत पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग चिवड्याचा डबा उघडला जातो. म्हणून थोडक्या अन्नात अधिक वेळ तृप्ती कशी राहील, हा खरा व्यावहारिक प्रश्न आहे. जवस, मेथी, आळीव, सब्जा यांसारख्या बियांचा उपयोग येथे होतो.

जवसाचे पीठ पाण्यात कालवून ठेवले तर थोड्याच वेळात ते बुळबुळीत होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बियांच्या सालीतील विद्राव्य तंतू पाणी शोषून फुगतात व त्यांचा चिकट लगदा बनतो. जठरातही असेच घडते. लगद्यामुळे अन्न जठरातून आतड्यात सावकाश उतरते, त्यातील साखर रक्तात हळूहळू मिसळते आणि पोट भरल्याची जाणीव अधिक काळ टिकते. न विरघळणारे तंतू चोथ्याचे काम करतात व पोट साफ राहण्यास मदत होते. बियांतील प्रथिने व तेल हेही तृप्तीला हातभार लावतात. १०० ग्रॅम जवसात सुमारे २६ ग्रॅम तंतू व १८ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात अवघे तीन ग्रॅमच्या आसपास असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २,००० उष्मांकांच्या दैनिक आहारात ३० ग्रॅम तंतू असावेत असे सुचविले आहे. भात-पोळीच्या आजच्या ताटात ही मात्रा गाठणे सोपे नाही.

याविषयी परदेशांत पद्धतशीर प्रयोग झाले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात जवसाचे केवळ अडीच ग्रॅम तंतू असलेले पेय दिल्यावर तृप्तीची भावना वाढली आणि त्यानंतरच्या जेवणात अन्न काहीसे कमी घेतले गेले. २०१७ साली अशा ४५ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. जवस घेणाऱ्यांच्या वजनात सरासरी सुमारे एक किलोची घट आढळली. रोज ३० ग्रॅम किंवा अधिक जवस बारा आठवडे वा त्याहून जास्त काळ घेणाऱ्यांना अधिक लाभ झाला. एक किलो म्हणजे फार नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बाजारात 'महिन्यात दहा किलो' अशी आश्वासने देऊन बियांच्या पुड्या विकणाऱ्यांपासून दूर राहावे, इतके तरी हा आकडा शिकवितो.

आता हिशेबाची बाजू पाहू, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. बिया तेलाने भरलेल्या असतात. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम जवसात ५० च्या आसपास उष्मांक असतात. नेहमीचे जेवण तसेच ठेवून वर दोन चमचे जवस घेतले, तर दिवसाला शंभर व महिन्याला तीन हजार उष्मांक अंगावर चढतील. वजन घटणार नाही, वाढेल. बिया काही तरी काढून त्याच्या जागी घ्यावयाच्या असतात. वऱ्हाडात चटणीवर कच्च्या तेलाची धार धरण्याची रीत आहे. एक चहाचा चमचा तेलात ४५ उष्मांक येतात. ती धार वगळली व चटणी दह्यात किंवा ताकात कालवून घेतली, तर एक चमचा जवसाचा हिशेब तेथेच मिटतो. संध्याकाळच्या तळलेल्या फराळाऐवजी मूठभर फुटाणे व भाजलेले तीळ-जवस घेणे हा दुसरा मार्ग. राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात शेंगदाण्यासारखा सुकामेवा व तेलबिया मिळून रोज ३५ ग्रॅम धरल्या आहेत. शेंगदाण्याचे कूट त्याच मर्यादेत येते, हे विसरू नये.

जवस अख्खे गिळू नयेत. टणक सालीमुळे ते न पचताच बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार झाल्यावर लसूण, लाल मिरची, जिरे व मीठ घालून जाडसर कुटावेत. भाजल्याने कच्च्या जवसातील सायनाइडवर्गीय घटकही कमी होतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक या नाजूक स्निग्धाम्लाचा असल्याने कुटलेले जवस लवकर खवट होते. महिन्याची चटणी एकदम करण्यापेक्षा आठवड्यापुरती करून घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. अकोल्याच्या उन्हाळ्यात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. सुरुवात एका चमच्याने करावी, अन्यथा पोट फुगते. आणि पाणी भरपूर प्यावे, कारण पाण्यावाचून हे तंतू उलट मलावरोध करतात.

तिळात तंतू जवसापेक्षा कमी असले तरी न सोललेल्या १०० ग्रॅम तिळात सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून चाळिशीपुढील स्त्रियांनी तो टाकू नये. कारळाची चटणीही भाकरीला तितकीच जवळची. चियाची मात्र सध्या बरीच चर्चा आहे. मूळ मेक्सिकोकडचे हे बी अलीकडे वाशीम जिल्ह्यातील शेतकरी रब्बीत घेऊ लागले आहेत (१९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यातच होता). जंगली जनावरे या पिकाला तोंड लावीत नाहीत, हे त्याचे एक आकर्षण. चियात १०० ग्रॅममागे सुमारे ३४ ग्रॅम तंतू असतात व ते आपल्या वजनाच्या दहापटींहून अधिक पाणी शोषते. तथापि कोरडे चिया तोंडात टाकून वर पाणी पिणे धोक्याचे आहे. अन्ननलिकेत फुगून ते अडकल्याची घटना अमेरिकेतील डॉक्टरांनी २०१४ मध्ये नोंदविली आहे. चिया असो की सब्जा, आधी पुरेसे भिजवूनच घ्यावे. शेतकऱ्याला त्याचा चांगला भाव मिळावा ही इच्छा आहेच, परंतु घरात जवस असताना वजनासाठी महागडे बी विकत आणण्याची गरज दिसत नाही.

कापसाच्या या प्रदेशात एक इशारा आवश्यक आहे. 'बिया खाव्यात' याचा अर्थ कोणत्याही बिया असा नव्हे. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. शुद्ध केलेले सरकीचे तेल खाण्यास चालते, पण सरकी माणसाने खाऊ नये. तसेच पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते. पेरून उरलेले, रंग लावलेले तीळ वा जवस धुऊनसुद्धा स्वयंपाकात घेता कामा नयेत. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मेथी वा जवसाची मात्रा वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नेहमीची औषधे व बिया यांत दोन तासांचे अंतर असावे.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ज्या अमरावती जिल्ह्यात वाढत्या वजनाची चिंता आहे, त्याच जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील बालकांचा प्रश्न अगदी उलटा आहे. लहान मुलाचे पोट इवलेसे असते. ते पाण्यात फुगलेल्या तंतूंनी भरले, तर वाढीसाठी लागणारे अन्न आत जायला जागाच राहत नाही. वजन घटविण्याचा सल्ला तेथे सरसकट देणे अनर्थकारक ठरेल. मात्र त्याच तेलबियांतील तेल व प्रथिने अशा मुलांच्या कामी येतात. भाजलेल्या तीळ-शेंगदाण्याचे बारीक कूट गुळात कालवून केलेला छोटा लाडू थोडक्या घासात अधिक उष्मांक देतो. सप्टेंबरमधील पोषण महिन्यात गावोगावी पाककृतींची प्रदर्शने भरतात. तेथे मोठ्यांसाठीची चटणी आणि बालकांसाठीचा लाडू वेगवेगळ्या टेबलांवर मांडून हा भेद समजावून देता येईल.

राहिला प्रश्न जवस मिळण्याचा. सोयाबीन, तूर व हरभऱ्याच्या रेट्यात जवसाचे क्षेत्र आक्रसले आहे, आणि अनेक गावांत ते किराणा दुकानातूनच आणावे लागते. वास्तविक हे पीक जमिनीतील ओलाव्यावर येणारे व कमी खर्चाचे आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील संशोधनातून एनएल-९७, एनएल-२६० यांसारखे वाण दिले आहेत. घरच्या वापरापुरते जवस हवे असणाऱ्या शेतकऱ्याने ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या शेतात चार ओळी टाकल्या, तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत वर्षाच्या चटणीची सोय होते.