डॉक्टर ‘झेड’ आणि देजा व्हू

‘पहिल्यांदाच गेलेल्या गावात एखाद्या वळणावर वाटतं, इथं तर आपण येऊन गेलोय! हा पूर्वजन्माचा पुरावा का?’ असं वाचक अधूनमधून विचारतात. नाही. पण खरी गोष्ट पूर्वजन्मापेक्षा रंगतदार आहे.

‘देजा व्हू’, म्हणजे आधीच पाहिलेलं. हा फ्रेंच शब्दप्रयोग रुळवण्याचं श्रेय एमिल बोआराक या तत्त्वज्ञाला देतात. १८७६ साली एका तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाला धाडलेल्या पत्रात त्याने या अनुभवाबद्दल लिहिलं. १८९६ मध्ये डॉ. आर्नो यांनी वैद्यकात हीच संज्ञा वापरावी असं सुचवलं. इंग्रजीने ती जशीच्या तशी उचलली. (बोआराक पुढे एस्पेरांतोचा खंदा पुरस्कर्ता झाला. जगाला नवी भाषा शिकवायला निघालेल्या या गृहस्थाचं जगभर चाललं ते फ्रेंच नाणंच!)

माझ्या लेखी मात्र खरा मान आर्थर मायर्सचा. हा इंग्रज स्वतः डॉक्टर आणि स्वतःच अपस्माराचा रुग्ण. झटका येताना समोरचं सगळं पूर्वी घडून गेल्यासारखं वाटे. न्यूरॉलॉजिस्ट ह्यूलिंग्ज जॅक्सन यांच्या १८८८च्या निबंधात तो ‘झेड’ म्हणून अवतरतो. त्यातला एक प्रसंग विलक्षण आहे. एक बाई छातीचं दुखणं असलेल्या मुलाला घेऊन आली. मायर्सला झटक्याची चाहूल लागली. बोलणं टाळायला त्याने स्टेथोस्कोप काढला आणि जरा पाठ फिरवली. नंतरचं आठवतं ते थेट लिहिण्याच्या टेबलापाशी बसल्याचं. कागदावर त्याच्याच अक्षरात निदान होतं: डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. पठ्ठ्याने कुतूहलाने मुलाला पुन्हा तपासलं. निदान बरोबर!

१८९४ मध्ये तो वारला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात, आतल्या घडीत, मऊ पडलेला बारीकसा ठिपका सापडला. शतकानंतर, २००४ मध्ये, फ्रेंच डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांत त्याच परिसराला हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा काहींना देजा व्हू झाला.

ओळख पटणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत; देजा व्हूमध्ये पहिलं दुसऱ्याविना घडतं. सोसायटीचा वॉचमन सलाम ठोकतो, रजिस्टरात मात्र तुमची नोंदच नाही, तसं काहीसं. निरोगी माणसांतही दोन-तृतीयांश लोकांना हे कधी ना कधी होतं, तरुणांना अधिक. मात्र ते वारंवार होत असेल, सोबत प्रत्यक्षात नसलेला वास येत असेल किंवा मधली मिनिटं पुसली जात असतील, तर ज्योतिषाऐवजी न्यूरॉलॉजिस्टला गाठा.