लेकरू गणितात अडले, तर



या पत्रिकेतून आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, खताच्या मात्रा आणि ऊसबिलाचे हप्ते यांवर लिहीत असतो. या अंकातला विषय जरा वेगळा आहे. पण तोही तुमच्या-आमच्या घरातलाच आहे, म्हणून थोडी सवड काढून वाचावा, ही विनंती.

मागच्या हंगामात एक सभासद गट ऑफिसात आमच्याकडे आले. उसाची नोंद बघायचं निमित्त होतं, पण बसले आणि बोलते झाले. थोरला मुलगा इंजिनिअरिंगला. बारावीला मार्क चांगले, म्हणून ऊसबिलातून फी भरली. आणि एक दिवस पोरगं गादी-पेटी घेऊन दारात उभं! "बापू, मला ते गणित जमत नाही. मी आता शेतीच करतो." पहिल्या सहामाहीला गणित राहिलं होतं, दुसऱ्या सहामाहीलाही राहिलं. वर्षभर घरात कुणाला पत्ता नव्हता. बापाने एवढंच विचारलं, "आरं, पयल्याच महिन्यात का बोलला न्हाईस?" पोरानं मान खाली घातली. "तुम्ही रात्रीच्या लाइटीवर पाणी धरता, अन् मी नापास झालो हे कोणत्या तोंडानं सांगू?"

शेती करण्यात कमीपणा नाही, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. पण ठरवून शेतीकडे येणे वेगळे आणि हरून येणे वेगळे. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाची जरा चौकशी केली. ती तुमच्यापुढे मांडतो.

हे गणित आहे तरी काय?

बारावी विज्ञान, बी.एस्सी., इंजिनिअरिंग, इतकेच काय आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम, सगळीकडे हा विषय भेटतो. इंग्रजीत त्याला कॅल्क्युलस म्हणतात, मराठीत कलन. त्याचे दोन भाग, अवकलन आणि समाकलन. नावे जड आहेत, पण गोष्ट आपल्या रानातली आहे.

ऊस पक्व होताना त्यातली साखर वाढत जाते, शिगेला पोचते आणि तोड लांबली की उतरू लागते. आज ती किती वेगाने वाढते आहे, हे काढणे म्हणजे अवकलन. साखर अगदी शिगेला असते त्या घटकेला वाढीचा वेग शून्य असतो, वाढही नाही आणि घटही नाही. तो क्षण गणिताने शोधता येतो.

आता पाण्याचे घ्या. कालव्याच्या दारातून १० क्युसेक पाणी ६ तास एकसारखे वाहिले, तर साधारण ६१ लाख लिटर पाणी आले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, त्यावरून हा गुणाकार कोणीही करील. पण पाणी कधी एकसारखे येते का? ते कमी-जास्त होते. मग वेळेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातले पाणी काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. हे समाकलन.

ही विद्या परदेशातूनच आली, असेही समजू नये. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी १७ व्या शतकात ती पूर्णत्वाला नेली हे खरे. पण ग्रहाची गती रोज सारखी नसते, म्हणून तिची त्या-त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती काढावी, हा विचार भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत मांडला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने या ग्रंथांच्या अभ्यासासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे ८०० वर्षांपूर्वीही गणित शिकणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागत होते!

अडतं कुठं?

आम्ही काही अनुभवी शिक्षकांना भेटलो. सर्वांचे म्हणणे एकच पडले. मुले कलनात अडतात असे दिसते, पण मूळ बहुतेक वेळा मागे असते. अपूर्णांक, बीजगणित आणि अकरावीची त्रिकोणमिती कच्ची राहिली की पुढची पायरी सुटतच नाही. बेणे किडके लावले आणि वरून युरिया टाकला, तसा हा प्रकार.

दुसरे कारण भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले लेकरू एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. फंक्शन म्हणजे फलन, लिमिट म्हणजे सीमा, डेरिव्हेटिव्ह म्हणजे अवकलज, अशी स्वतःची वही पहिल्याच आठवड्यात केली तर निम्मी भीती जाते. तिसरे कारण आपल्याकडचे. ऊसतोड आली, पाणीपाळी आली की आपण पोराला फोन करून बोलावून घेतो. या विषयात चार तास बुडाले तर पाचवा तास कळत नाही.

मदत मागायची कशी?

१. लवकर मागावी. सलग दोन तासांतले कळले नाही की त्याच आठवड्यात शिक्षकांना गाठावे. परीक्षेच्या तोंडावर गेले तर शिक्षक तरी काय करणार?

२. "सर, काहीच कळत नाही" असे म्हणू नये. गणित जिथवर आले तिथवर वहीत मांडून न्यावे आणि "ही पायरी इथून पुढे कशी आली?" असे विचारावे. अशा प्रश्नाला उत्तर मिळते.

३. सोडवलेले उदाहरण वाचून समजले, म्हणजे आले असे नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ते परत उतरले तरच आले. रोज एक तास असा द्यावा. आठवड्याचे पाणी एकाच दिवशी पाजून पीक येत नाही.

४. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

५. एकट्याने कुढत बसू नये. अमेरिकेत बर्कली येथे १९७० च्या दशकात उरी ट्रीझमन नावाच्या गणितज्ञाने याच विषयात मुले का नापास होतात, याचा शोध घेतला. नापास होणारी पुष्कळ कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, घरच्यांचाही पाठिंबा होता, पण ती एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले आधी स्वतः गणित सोडवीत आणि मग एकत्र बसून एकमेकांचे तपासत. 'कच्च्यांची शिकवणी' म्हटले की मुलांना कमीपणा वाटे. म्हणून ट्रीझमन यांनी मुलांचे गट करून उलट अवघड गणिते दिली. मुलांचे निकाल सुधारले. सहकार म्हणतात तो हाच, नाही का?

ज्यांना जवळ शिक्षक नाही त्यांच्यासाठी आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर मोबाइलवर फुकट पाहता येतात.

आई-बापांसाठी चार शब्द

फोनवर "मार्क किती?" एवढेच विचारू नका. "कुठं अडलंय का?" असे विचारा. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल, पोराला बोलायला जागा मिळाली पाहिजे. शेजारच्याच्या मुलाशी तुलना करू नका. आणि लेकरू जेवत नाही, झोपत नाही, निराशेचे बोलते असे वाटले, तर वेळ काढू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र मोफत आहे. एक विषय राहिला तर पुढच्या वेळी निघतो. लेकरापेक्षा मोठा कोणताच विषय नाही.

त्या सभासदाच्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. शेजारच्या गावात एक निवृत्त शिक्षक आहेत. बापाने त्याला त्यांच्याकडे नेले. गुरुजींनी कलनाला हातच लावला नाही, दीड महिना अकरावीची त्रिकोणमिती घोटून घेतली. मुलगा परत गेला, दोन मित्रांबरोबर बसू लागला आणि तिसऱ्या खेपेला गणित सुटले. मार्क काठावरचे आहेत. वर्ष वाया गेले ते गेलेच. पण परवा बापू काट्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "आता पोरगं स्वतःहून सांगतंय, बापू, इथं अडलंय म्हणून."

आपल्या सभासदांच्या घरांत हा विषय पार केलेली कितीतरी मुले-मुली आहेत. दिवाळीच्या सुटीत त्यांनी गावातल्या धाकट्या भावंडांना चार दिवस, रोज दोन तास दिले तरी पुष्कळ होईल. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे गट ऑफिसात द्यावीत. यादी करायला आम्ही बसलोच आहोत.