कुठली कॅथरीन?

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने १९६५ साली जवळजवळ माणसाच्या उंचीचं एक व्यक्तिचित्र विकत घेतलं. गालिच्यावर ताठ उभी असलेली बाई, रुपेरी कापडाचा घेरदार पोशाख, उलटवलेल्या रुंद बाह्यांना फरचं अस्तर आणि छातीवर मुकुटाच्या आकाराचा जडावाचा ब्रोच. गॅलरीने तिला नाव दिलं लेडी जेन ग्रे. ही जेन म्हणजे १५५३मध्ये नऊ दिवसांपुरती इंग्लंडची राणी झालेली आणि पुढच्याच वर्षी शिरच्छेद झालेली मुलगी. तिचं खात्रीचं एकही चित्र कुणाकडे नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच आनंद झाला. पाठ्यपुस्तकांत, मुखपृष्ठांवर तोच चेहरा जेन म्हणून फिरत राहिला. मग १९९६ साली सुझन जेम्स या अभ्यासिकेने त्या ब्रोचचा पिच्छा पुरवला. तसाच दागिना आठव्या हेन्रीची सहावी आणि शेवटची राणी कॅथरीन पार हिच्या जडजवाहिराच्या यादीत नोंदलेला निघाला. पाटी बदलली. चित्रातली बाई मात्र आहे तशीच उभी आहे.

जुन्या राण्यांच्या चित्रांकडे आपण चेहरा पाहायला जातो आणि चेहरा हाच त्यातला सर्वांत कच्चा पुरावा असतो. चित्रातली बाई कोण हे ठरतं दागिन्यावरून, कपड्याच्या बेतावरून, ज्या ओकच्या फळीवर ती रंगवली त्या लाकडाच्या वर्षवलयांवरून. त्यातून एकाच नावाच्या तीन-चार राण्या एकाच घराण्यात निघाल्या की विचारायलाच नको. कॅथरीन हे नाव त्या बाबतीत सगळ्यांवर कडी करणारं आहे.

युरोपात हे नाव घरोघरी पोचलं ते अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनमुळे. आख्यायिका अशी, की या विद्वान राजकन्येने सम्राटाच्या पन्नास पंडितांना वादात हरवलं, म्हणून तिला काटेरी चाकावर चिरडण्याची शिक्षा झाली. चाकच मोडलं, तेव्हा तिचं शिर उडवलं. चित्रांत तिच्या हाताशी चाक, तलवार किंवा हौतात्म्याची खूण म्हणून ताडाची फांदी असते. इतिहासाच्या कसोटीवर ही बाई होऊन गेली की नाही इथपासून शंका आहे, पण तिच्या नावाने बारसं झालेल्या मुलींची मोजदाद करणं अवघड.

आठव्या हेन्रीच्या सहा बायकांपैकी तीन कॅथरीन. पहिली स्पेनची, ॲरागॉनची कॅथरीन. ती १५०१मध्ये हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी लग्न करून आली आणि पाच महिन्यांत विधवा झाली. वय सोळा. सासऱ्याने तिला माहेरी धाडलं नाही, कारण धाडली असती तर हुंड्याचा हिशेब उलगडावा लागला असता. सात वर्षं ती त्या दरबारात अडकून पडली, कर्जबाजारी झाली, आणि सासरा वारल्यावर १५०९मध्ये धाकट्या दिराची राणी झाली. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये मिखेल झिट्टोने रंगवलेलं एक अप्रतिम चित्र आहे: खाली झुकलेली नजर, गोल चेहरा, मागे प्रभावळ, गळ्यात 'के' अक्षराचा हार. शतकभर हे चित्र तरुण कॅथरीनचं म्हणून सांगितलं गेलं. 'के' म्हणजे कॅथरीन, आणखी काय हवं? पण आता काही अभ्यासक म्हणतात, ही हेन्रीची बहीण मेरी असावी. मेरीची सोयरीक तेव्हा चार्ल्सशी, म्हणजे पुढच्या पाचव्या चार्ल्स सम्राटाशी ठरलेली होती. त्याचं नाव जर्मनमध्ये कार्ल, मग 'के' त्याचाही असू शकतो. गळ्यातलं अक्षर बाईचं स्वतःचं की होणाऱ्या नवऱ्याचं, एवढ्यावर अख्खं चित्र इकडचं तिकडे होतं.

याच्या अगदी उलट प्रकार लॅम्बेथ राजवाड्यात झाला. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या या निवासस्थानात एक छोटेखानी चित्र कॅथरीन पारचं म्हणून वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या लोकांनी पाहिलं, तर कपडे १५२०-३०च्या दशकांतल्या धाटणीचे; आणि पार राणी झाली १५४३मध्ये. क्ष-किरण तपासणी झाली, चौकट पाहिली, चेहऱ्याची ठेवण इतर चित्रांशी ताडली, आणि २०१३च्या सुरुवातीला ते चित्र ॲरागॉनच्या कॅथरीनचं म्हणून हेन्रीच्या चित्राशेजारी लागलं. ज्या राणीशी काडीमोड घेण्यासाठी हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतली, ती सवतीच्या नावाखाली त्याच इंग्लंडच्या धर्मगुरूच्या घरात भिंतीवर बसून होती! हे कुणी नाटकात घातलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं.

या गोंधळाला ब्रिटिश उमरावांची हौस बरीच कारणीभूत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या वाड्यांच्या लांबच लांब दालनांत राजा-राण्यांच्या चित्रांचे संच लावायची टूम निघाली. संच पुरा हवा. एखादी राणी कमी पडली, की जुन्या पोशाखातली कुठलीही बाई तिच्या जागी उभी राहायची. सर्वांत मोठा बळी मधली कॅथरीन, कॅथरीन हॉवर्ड. किशोरवयात राणी झाली, दीड-पावणेदोन वर्षांत व्यभिचाराच्या आरोपावरून १३ फेब्रुवारी १५४२ला लंडनच्या टॉवरमध्ये तिचं डोकं उडवलं गेलं. विशी ओलांडली होती की नाही, यावरच वाद आहे. एवढ्या अल्प कारकिर्दीत तिचं मोठं चित्र झालं असण्याचीच शक्यता कमी. पण हान्स होल्बाइनने रंगवलेल्या, काळ्या पोशाखातल्या एका भारदस्त बाईला विसाव्या शतकाच्या आरंभी तिचं नाव चिकटलं. मूळ चित्र अमेरिकेत टोलीडोच्या संग्रहालयात आहे, जुनी नक्कल लंडनला. चित्रावर लॅटिनमध्ये वय लिहिलंय एकवीस. बहुधा ती हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या घरातली सून असावी. लंडनच्या नकलेची आजची पाटी वाचण्यासारखी आहे: अज्ञात स्त्री, पूर्वी कॅथरीन हॉवर्ड म्हणून ओळखली जाणारी. एवढी प्रामाणिक पाटी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

हॉवर्डचं त्यातल्या त्यात बरं मानलं जाणारं चित्र म्हणजे होल्बाइनचं एक लघुचित्र, तळहातात मावेल एवढं. त्यावर नाव नाही, वय नाही. पुरावा पुन्हा दागिन्यांचा: गळ्यातला ऐवज होल्बाइननेच रंगवलेल्या आधीच्या राणीच्या, जेन सीमोरच्या अंगावरच्या दागिन्यासारखा दिसतो. म्हणजे राणीचाच ऐवज, म्हणजे ही राणीच. युक्तिवाद चोख आहे, पण त्यात एक मेख आहे. राणीचा दागिना राणीपदाचा असतो. बाई बदलते, दागिना पुढच्या बाईच्या गळ्यात जातो. म्हणूनच अलीकडे एका अभ्यासिकेने हेच चित्र क्लीव्हजच्या ॲनचं, म्हणजे चौथ्या बायकोचं आहे असं मांडलं. दागिना कुणाचा, हा प्रश्न त्या बायकांच्या हयातीतही सुटलेला नव्हता. हेन्री १५४७मध्ये वारला तेव्हा कॅथरीन पारने आपले दागिने टॉवरमध्ये ठेवायला दिले. नव्या बालराजाचा पालक, ड्यूक ऑफ सॉमरसेट, याने ते राज्याचे म्हणून अडकवून ठेवले. त्यांत तिच्या आईने दिलेला सोन्याचा क्रूसही होता. ज्या बाईने इंग्लंडच्या राण्यांमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पुस्तक छापलं (१५४५, प्रार्थनांचं), ती आईची वस्तू परत मिळवण्यासाठी धडपडत राहिली आणि १५४८मध्ये बाळंतपणानंतर गेली. साडेचारशे वर्षांनी तिला तिचा चेहरा परत मिळाला तोही त्याच दागिन्यांच्या यादीमुळे.

फ्रान्समधल्या कॅथरीन द मेदिचीबद्दल थोडक्यात. फ्लोरेन्सची ही मुलगी चौदाव्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्राला दिली. १५५९मध्ये नवरा भाल्यांच्या खेळातल्या जखमेने गेला आणि तिने काळा पोशाख धरला तो मरेपर्यंत. काळ्या कपड्यातली, पांढऱ्याफटक चेहऱ्याची कटकारस्थानी म्हातारी ही तिची प्रतिमा त्या चित्रांतून पक्की झाली. तिची दुसरी बाजू शांतिई इथल्या कोंदे संग्रहालयात आहे: क्लुए बापलेकांनी खडूने काढलेली दरबारातल्या माणसांची शेकडो रेखाचित्रं, जी तिने जिवापाड जमवली होती. मुलं लांब दाईंच्या देखरेखीखाली वाढत. ती त्यांची चित्रं काढून मागवी. आजच्या आया व्हिडिओ कॉलवर जे करतात, ते ती खडूवर भागवत होती.

रशियात मामला वेगळा. तिथल्या दोन्ही सम्राज्ञी कॅथरीन जन्माने कॅथरीन नव्हत्याच. पहिली मूळची मार्था, बाल्टिक प्रदेशातल्या गरीब घरातली. पीटर द ग्रेटच्या आयुष्यात आली, ऑर्थोडॉक्स पंथ घेतला आणि येकातेरिना झाली. दुसरी जर्मन राजकन्या सोफी. १७४४मध्ये पंथ बदलताना तिलाही पहिलीचंच नाव मिळालं. सासरचं नाव धारण करणं आपल्याला नवं नाही; मणिकर्णिका झाशीला गेली आणि लक्ष्मीबाई झाली. पण या सोफीने १७६२मध्ये नवऱ्याला पदच्युत करून गादी घेतली आणि मग आपला चेहरा कसा दिसावा याचा कारभारही स्वतःच्या हातात ठेवला. डॅनिश चित्रकार एरिक्सनने तिला आरशासमोर उभी केली: समोरून सौम्य बाई, आरशात करारी नाक आणि हनुवटी. दुसऱ्या चित्रात ती सैनिकी गणवेशात घोड्यावर पुरुषासारखी बैठक मारून आहे. स्वीडिश रोस्लिनने १७७०च्या दशकात तिचं वय जसंच्या तसं रंगवलं तेव्हा मात्र बाईंना ते रुचलं नाही. त्याने आपल्याला एखाद्या स्वीडिश स्वयंपाकिणीसारखं केलंय अशी तिची तक्रार होती. मग रोकोतोव्ह या रशियन चित्रकाराने रोस्लिनचाच पोशाख, तीच बैठक ठेवून चेहरा तेवढा बदलला, आणि पसंतीस उतरलं ते हे. बोरोविकोव्स्कीने १७९४मध्ये तिला कुत्र्यासोबत बागेत फिरणारी, साध्या कोटातली आजी म्हणून रंगवलं. मला यातलं आरशाचं चित्र सर्वांत खरं वाटतं, कारण त्यात दोन्ही बायका आहेत.

आता आपली कॅथरीन. आपली म्हणायचं कारण, ब्रागांझाची कॅथरीन हुंड्यात मुंबई घेऊन आली. पोर्तुगालच्या या राजकन्येचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८चा, म्हणजे सेंट कॅथरीनच्या सणाचा. नाव तिथूनच आलं. याच सणाच्या दिवशी १५१०मध्ये आल्बुकेर्कने गोवा जिंकलं होतं, म्हणून जुन्या गोव्यातलं भव्य से कॅथेड्रल याच संतिणीला वाहिलेलं आहे. पोर्तुगीजांनी गोवा तिच्या सणाला मिळवलं आणि दीडशे वर्षांनी मुंबई घालवली ती तिचं नाव लावणाऱ्या मुलीच्या लग्नात!

१६६१च्या जूनमध्ये लग्नाचा तह झाला. नवरदेवाला, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला रोख रक्कम, टँजियर आणि मुंबई. इंग्रज आरमार १६६२च्या सप्टेंबरात मुंबईला लागलं, पण पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट द्यायला नकार दिला. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली आणि तिथे तापाने, उपासमारीने बहुतेक जण मेले. शिपमनही १६६४मध्ये गेला. अखेर त्याचा चिटणीस हम्फ्री कूक याने फेब्रुवारी १६६५मध्ये ताबा घेतला. चार्ल्सला बेट परवडेना. १६६८मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

हे चाललं होतं तेव्हा नवरी काय करत होती, हे तिच्या चित्रांत दिसतं. लग्नाच्या सुमाराचं डर्क स्टूपच्या नावावरचं चित्र पाहा. कंबरेपासून दोन्ही अंगांना पसरलेला पोर्तुगीज घागरा, एका बाजूला वळवून फुगवलेले केस. १६६२च्या मे महिन्यात ती इंग्लंडला उतरली तेव्हा तिच्या आणि तिच्या सख्यांच्या या पेहरावाला दरबार हसला. रोजनिशी लिहिणाऱ्या जॉन इव्हलिननेही नाक मुरडलं. पुढे पीटर लेलीच्या चित्रात ती इंग्रज रेशमात बसलीय, म्हणजे हसणाऱ्यांनी तिला बदललं. ते बदलणं सुखाचं नव्हतं. चार्ल्सने आपली रखेल बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्या खासगी सेविकांच्या यादीत घातलं. कॅथरीनने नाव खोडलं, पण शेवटी तिला ते गिळावं लागलं. मग याकोब हाउसमन्सने राणीला एका चित्रात मेंढपाळीण आणि दुसऱ्यात सेंट कॅथरीन म्हणून रंगवलं. दुसरा रोजनिशीकार सॅम्युअल पेपीस याने १६६४मध्ये दोन्ही पाहून वाखाणलं. राणीची मर्जी म्हणून दरबारातल्या बायकांतही सेंट कॅथरीनच्या रूपात चित्र काढून घेण्याची फॅशन आली. लेलीने तशी रंगवलेल्यांपैकी एक कोण? बार्बरा व्हिलियर्स. नवऱ्यापाठोपाठ नावाची संतीणही वाटून घ्यायची वेळ त्या बाईवर आली.

तिला मूल झालं नाही, तरी चार्ल्सने तिला सोडलं नाही, हे त्याच्या खात्यात जमा धरायला हवं. १६९२मध्ये ती पोर्तुगालला परत निघाली, तिथे भावाच्या आजारपणात तिने राज्यकारभार पाहिला आणि १७०५च्या शेवटच्या दिवशी लिस्बनला वारली. गेल्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिचा प्रचंड पुतळा उभारायचं ठरलं होतं. गुलामांच्या व्यापाराशी तिच्या घराण्याचा संबंध होता म्हणून विरोध झाला आणि बेत बारगळला. शिल्पकार ऑड्रे फ्लॅकने केलेली त्याची लहान प्रतिकृती लिस्बनला तेजो नदीकाठी आहे.

ती मुंबईला कधीच आली नाही. पण ज्या मुलीच्या लग्नाच्या याद्यांमध्ये हे शहर लिहिलं गेलं, तिचा इंग्रज शिंप्यांच्या हाती पडण्याआधीचा चेहरा मुंबईकरांनी एकदा पाहायलाच हवा. स्टूपचं ते चित्र इंटरनेटवर फुकट पाहता येतं. शोधताना फक्त 'ब्रागांझा' लिहायला विसरू नका, नाहीतर भलतीच कॅथरीन समोर येईल.