टायमिंग थोडं मागे घ्या

मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरसायकलच्या इंजिनात क्रँकशाफ्ट एक अंश वळायला किती वेळ लागतो? सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. पुण्याजवळच्या आकुर्डी-भोसरी-चाकण या पट्ट्यात गेली साठएक वर्षं दुचाकी बनताहेत, बिघडताहेत, दुरुस्त होताहेत, आणि इथल्या मेकॅनिकच्या तोंडी त्या एका-दोन अंशांसाठी एक ठरलेलं क्रियापद आहे: रिटार्ड करणं. ‘टायमिंग ॲडव्हान्स झालंय, जरा रिटार्ड कर.’ ठिणगी थोडी उशिरा पडू दे, एवढाच त्याचा अर्थ.

हे क्रियापद फार लांबून आलंय. लॅटिनमध्ये ‘टार्डुस’ म्हणजे संथ, मंद. त्यावरून मागे खेचणं, उशीर करायला लावणं, असा अर्थ झाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत शिरला. फ्रान्समध्ये गाडी उशिरा येणार असली की आजही ‘रेतार’ म्हणतात. पाश्चात्त्य संगीतात लय हळूहळू उतरवायची खूण ‘रितार्दांदो’. १७७६ साली इटलीच्या स्पालान्झानीने पाण्यातल्या एका सूक्ष्म आठपायी जीवाला ‘टार्डिग्रेड’ म्हटलं, म्हणजे सावकाश पावलं टाकणारा. आपल्या पूर्वजांनी शनीला शनैश्चर म्हटलं तेही अक्षरशः तसंच. एकाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि दुसऱ्यांनी आकाशात पाहून एकच नाव ठेवावं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता इंजिनाच्या आत जाऊ. पेट्रोलचा स्फोट होतो असं आपण सहज म्हणतो, पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. प्लगजवळ ठिणगी पडते, तिथून ज्योत पसरत जाते आणि सगळं मिश्रण जळून जायला मिलिसेकंद-दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात ६,००० फेऱ्यांवर क्रँक चाळीस-पन्नास अंश वळलेला असतो. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. सगळा दाब पिस्टन माथ्यावरून जेमतेम पंधराएक अंश खाली उतरला असताना शिगेला पोचला, तर इंधनाचं सोनं होतं. झोका परत येऊन वळला की मागून धक्का द्यायचा, तो अजून आपल्याकडे येत असताना नाही, तसंच हे. ठिणगी फार लवकर पडली तर दाब वर चढणाऱ्या पिस्टनवरच आदळतो. फार उशिरा पडली तर दाब पळत्या पिस्टनच्या पाठीमागे धावतो, पिकअप जातो आणि जी उष्णता चाकाला मिळायची ती सायलेन्सर तापवते.

जुन्या इंजिनात हा सगळा हिशेब पॉइंटवर चालायचा. दोन छोटे धातूचे स्पर्शबिंदू उघडले की ठिणगी पडायची. गॅप जास्त ठेवली तर ते लवकर उघडतात, म्हणजे ॲडव्हान्स. गॅप कमी तर उशिरा, म्हणजे रिटार्ड. फीलर गेजची पातळ पट्टी त्यात सरकवून मेकॅनिक बोटांनी तो अंदाज घ्यायचा. पॉइंटची फायबरची टाच झिजत गेली की गॅप आपोआप मिटत जाते, आणि इंजिन कुणाच्या नकळत दिवसेंदिवस रिटार्ड होत जातं. ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा तेवढी टाचच असायची.

याहून सुंदर गोष्ट टायमिंग लाइटची. अनेक मोटरसायकलींच्या मॅग्नेटवर दोन खुणा कोरलेल्या असतात: ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी माथ्यावर, आणि त्याच्या थोडी आधी ‘एफ’, म्हणजे फायर. इंजिन चालू असताना त्या डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण लाइटची वायर प्लगच्या केबलला लावली की प्रत्येक ठिणगीला दिवा एकदाच लखकन चमकतो, आणि गरगर फिरणाऱ्या चाकावरचं ते ‘एफ’ हवेत स्थिर उभं राहतं. थ्रॉटल वाढवला की अक्षर हळूच सरकतं. वेग वाढतोय, म्हणून ठिणगी स्वतःहून पुढे जातेय. जुन्या यंत्रात ते काम स्प्रिंगने बांधलेली दोन वजनं करत, आता सर्किट करतं.

त्याआधी ते काम माणसाच्या हाताचं होतं. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली डाव्या हाताला ठिणगीचा दांडा असे. हँडल मारण्याआधी तो वर सारून ठिणगी रिटार्ड करायची. विसरलं तर इंजिन उलटं फिरायचं आणि हँडल मनगट मोडायचं. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या हँडलवरही अशीच कळ होती. किक उलटी मारणं काय असतं हे ज्याने पिंढरीवर सोसलंय, त्याला या क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही.

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत ठिणगीची राखण एक कान करतो. इंजिनाच्या ठोकळ्यावर बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर म्हणजे दाबाने वीज देणारा स्फटिक. ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच पेटलं तर सिलिंडर घंटेसारखा घुमतो. तो नाद पकडला की संगणक नेमक्या त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो, आणि मग चाचपडत, थोडं थोडं करत पुन्हा पुढे नेतो. हलकं पेट्रोल भरलं, उन्हाळ्यात मोशीच्या चढावर गाडी भरून निघाली, तरी चालकाला याचा पत्ताही लागत नाही. चाकणलाच बनणाऱ्या पल्सरमध्ये बजाजने २००३ साली दुसऱ्याच बाजूने विचार केला. एका सिलिंडरला दोन प्लग दिले. दोन ज्योती दोन टोकांनी निघाल्या, अंतर निम्मं झालं, मिश्रण लवकर जळू लागलं आणि ठिणगीला इतकं आधी पडायची गरजच उरली नाही.

इंजिन सोडून याच पट्ट्यात थोडं फिरलं तरी क्रियापद भेटत राहतं. पावसाळ्यात पेंटशॉपमध्ये लॅकरवर पांढुरकी झाक येते, कारण थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. म्हणून त्यात रिटार्डर घालतात, थिनर सावकाश उडतो. उन्हाच्या तडाख्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या काँक्रीट मिक्सरमध्येही रिटार्डर असतो, नाहीतर माल ड्रममध्येच बसेल. सिमेंट दळताना जिप्सम घालतात तेही त्यासाठीच. लोहगावला उतरणाऱ्या एअरबसच्या कॉकपिटमध्ये धावपट्टी वीसएक फुटांवर आली की यंत्राचा आवाज ‘रिटार्ड’ म्हणतो: आता थ्रॉटल मागे घ्या.

हा शब्द माणसाला लागला तेव्हा मात्र त्याचं वाईट झालं. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ या एकेकाळी डॉक्टरांच्या वर्गवाऱ्या होत्या, १९१० साली हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने त्यांत ‘मोरॉन’ची भर घातली. त्यांच्यापुढे ‘रिटार्डेड’ सौम्य वाटला, कारण त्यात वाढीला उशीर एवढंच होतं. पण शतक उलटायच्या आत त्याचीही शिवी झाली. अमेरिकेने २०१० साली ‘रोझाज लॉ’ करून तो संघराज्याच्या आरोग्य आणि शिक्षण कायद्यांतून काढला. भारताच्या १९९५च्या अपंग कायद्यात तो होता, २०१६च्या कायद्याने तिथे बौद्धिक अक्षमता हे शब्द आणले. आपल्या ‘मतिमंद’चीही वाट तीच. मॅग्नेटवर ‘टी’ची खूण कोरलेली असते, म्हणून ठिणगीचा उशीर मोजता येतो. मुलाच्या वाढीवर अशी एकच खूण कुणीही कोरलेली नाही, आणि माणसासाठी हा शब्द कुणी वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले आणि इंजिनातल्या उशिराला आणखी एक काम मिळालं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना धूर साफ करू शकत नाही, त्याला अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस तापावं लागतं. म्हणून अनेक गाड्यांत सकाळी इंजिन सुरू झालं की संगणक ठिणगी मुद्दाम बरीच रिटार्ड करतो. थोडं इंधन वाया जातं, पण उष्ण वायू थेट कन्व्हर्टरवर जाऊन आदळतो आणि तो काही सेकंदांत कामाला लागतो. जी तापलेल्या सायलेन्सरची खूण गॅरेजमध्ये पूर्वी बिघाड समजली जायची, तीच आता शहराच्या हवेसाठी घडवून आणली जाते.

२०२० साली बाजारात आलेल्या इलेक्ट्रिक चेतक स्कूटरमध्ये तर ठिणगीच नाही. तरी थ्रॉटल सोडला की मोटर उलट जनित्र होऊन चाकाला धरून ठेवते. घाट उतरणाऱ्या जड बसच्या विद्युतचुंबकीय रिटार्डरमध्येही वेग विजेनेच रोखला जातो. बसमध्ये त्या वेगाची ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते, स्कूटरमध्ये ती वीज होऊन बॅटरीत परत येते.