पन्नास चौकटींचा मारिओ

जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालला आहे. गेम ज्या यंत्रासाठी बनला त्याच यंत्रावर खेळावा, की संगणकात किंवा फोनमध्ये एम्युलेटर टाकून खेळला तरी चालतो? एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारा सॉफ्टवेअर प्रोग्रॅम. त्या सोंगात काहीतरी निसटते, असे मूळ यंत्राचा आग्रह धरणारे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण हा वाद जपान, अमेरिका, युरोपातल्या घरांना धरून मांडला गेला आहे. तिथे मूळ यंत्र कोणते, हे विचारावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत नेमका तोच प्रश्न आधी येतो. इथल्या मुलांच्या हाती मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर आणि रणगाड्यांचा बॅटल सिटी ज्या यंत्रावर आले, ते बहुतेक ठिकाणी निन्टेन्डोचे नव्हतेच. निन्टेन्डोच्या यंत्राची ती तैवानी नक्कल होती. म्हणून या भागापुरते माझे म्हणणे असे, की नीट जुळवलेला एम्युलेटर इथल्या लोकांच्या आठवणीतल्या खेळाला जितका जवळचा आहे, तितके जपानचे अस्सल यंत्रही नाही.

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. त्यात रिको कंपनीच्या दोन मुख्य चिप होत्या, एक हिशेब आणि आवाजाची, दुसरी चित्राची. कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट, चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे. या दोन्ही चिपांच्या नकला तैवानच्या यूएमसी कंपनीने बनवल्या आणि त्यांच्या जोरावर जगभर स्वस्त यंत्रांचा पूर आला. भारतात आयातीवरचे निर्बंध आणि कर इतके होते की परदेशी यंत्र सरळ मार्गाने मध्यमवर्गीय घरात पोचणे कठीण. समुराई या नावाने सुट्या भागांची इथे जुळणी करून विकलेले यंत्र होते खरे. पण रीतसर आलेल्या परदेशी यंत्राचा भाव पाहा: १९९५ मध्ये सेगा या निन्टेन्डोच्या प्रतिस्पर्धी कंपनीने शॉ वॉलेसला हाताशी धरून मेगा ड्राइव्ह आणला तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. कोळसा खाणीतल्या किंवा कागद कारखान्यातल्या कामगाराच्या घरात एवढ्या रकमेचा खेळ येणार कुठून? गडचिरोली तर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा, आणि त्याच्या वाट्याला पुढे कित्येक दशके वडसा हे एकच रेल्वे स्थानक. अशा मुलखात कंपनीचा विक्रेता आणि दुरुस्ती केंद्र यांची वाट कोण पाहणार? बाजारात मिळाली ती नक्कल. यंत्राला लोक ‘टीव्ही गेम’ म्हणाले, कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि हातातल्या कंट्रोलरला ‘रिमोट’. ही नावेही इथलीच, कंपनीने दिलेली नव्हेत.

आता या नकलेच्या पोटात डोकावू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा पुरावा तिथे आहे. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. निन्टेन्डोने युरोपच्या ५० हर्ट्झ टीव्हीसाठी वेगळी चिप काढली, तिची चाल बदलली, आणि काही गेमही त्या चालीला जुळवून घेतले. यूएमसीने ५० हर्ट्झसाठी नक्कल करताना वेगळी वाट धरली. बाजारातल्या कॅसेटींमध्ये जपानी आणि अमेरिकी गेम जसेच्या तसे भरलेले असणार, हे त्यांना ठाऊक होते. जपानी यंत्र एका चित्रामागे २६२ ओळींचा वेळ घेते, पालला ३१२ ओळी लागतात. यूएमसीच्या चिपने जादा ५० ओळींचा हा वेळ चित्राच्या शेवटी रिकामा सोडला. त्या अवधीत चित्राची चिप नुसती थांबून राहते आणि मग पुढचे चित्र सुरू करते. त्यामुळे जपानी गेम न अडखळता चालतो, पण सगळा कारभार सेकंदाला ६० ऐवजी ५० चौकटींनी होतो. मारिओच्या पहिल्या टप्प्यात कोपऱ्यात उरलेल्या वेळेचा ४०० हा आकडा दिसतो. तो दर २४ चौकटींनी एकाने उतरतो. जपानी यंत्रावर ४०० संपायला १६० सेकंद लागतात, नकलेवर १९२. म्हणजे इथल्या मुलाला जपानी मुलापेक्षा ३२ सेकंद जास्त मिळत होते, आणि उडी मारल्यावर मारिओ हवेत थोडा अधिक तरंगत होता. संगीताची गंमत आणखी वेगळी. चिपच्या घड्याळाचा वेग जपानी चिपच्या अगदी जवळ असल्यामुळे सूर जवळपास तेच राहिले, पण लय मात्र एक षष्ठांशाने मंदावली. त्याच पट्टीतले गाणे सावकाश गायल्यासारखे.

हे लक्षात घेतले की मूळ यंत्राचा आग्रह इथे उलटा फिरतो. आज एखाद्या चंद्रपूरकराने बरेच पैसे मोजून जपानहून खरा फॅमिकॉम मागवला आणि मारिओ लावला, तर त्याला तो घाईत पळणारा, अनोळखी वाटेल. हाताची सवय आणि पडद्यावरची चाल जुळणार नाही. युरोपचे अस्सल यंत्र आणले तर त्याची गणिते तिसरीच. याउलट मेसेन किंवा एफसीईयूएक्स हे एम्युलेटर उघडले तर त्यात प्रदेश निवडायची सोय असते: अमेरिका-जपानची चाल, युरोपची चाल आणि तिसरी ‘डेंडी’. डेंडी हे रशियात डिसेंबर १९९२ पासून विकल्या गेलेल्या नकलेचे नाव; स्टिपलर कंपनीने ते गाजवले. ५० हर्ट्झच्या तैवानी चिपची चाल तिथल्या शौकिनांनी बारकाईने मोजली, लिहून ठेवली, म्हणून तिला ते नाव चिकटले. गेमच्या फाइलला सुरुवातीला १६ बाइटचा मथळा असतो. त्याच्या नव्या, एनईएस २.० पद्धतीत (एनईएस हे फॅमिकॉमचे जपानबाहेरचे नाव) एक बाइट फक्त चाल सांगण्यासाठी राखलेला आहे आणि त्यात ३ लिहिले की एम्युलेटर डेंडीच्या चालीने धावतो. आपल्या घरोघरी वाजलेल्या यंत्राची ओळख रशियन नावाने जगाला माहीत झाली, कारण आपण ती लिहून ठेवली नाही. याची खंत वाटायलाच हवी.

यावर मूळवादी म्हणतील, ‘चाल जुळली तरी तो प्रोग्रॅमच, यंत्र कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर झाडीपट्टीत, म्हणजे याच भागाच्या नाट्यपरंपरेत, शोधायला हरकत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर नाटक चालते. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. तेच नाटक एका गावात शेतात उभारलेल्या मंचावर होते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात, वेगळ्या मंडपात आणि वेगळ्या दिव्यांत. पहिल्या मंचाच्या फळ्या नाहीत म्हणून दुसऱ्या गावचे नाटक खोटे, असे कोणी म्हणत नाही. गेम मूर्तीसारखा नसतो. तो दर वेळी नव्याने उभा राहतो, आणि त्याला उभा करणारा खेळाडू असतो. कॅसेटीतला मजकूर ही संहिता, यंत्र हा मंच. मंच बदलला तरी संहिता आणि नट शाबूत असतील तर प्रयोग खराच होतो. मात्र मंच इतका खिळखिळा नसावा की नटाला पायच टाकता येऊ नये. १९९७ मध्ये आलेला नेस्टिकल हा एम्युलेटर त्या काळच्या साध्या संगणकावर वेगात पळे, पण अचूकपणाला फाटा देऊन. पुढे नियर या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने सुपर निन्टेन्डोचे काटेकोर सोंग उभे करायचे तर ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असे २०११ मध्ये दाखवून दिले. मूळ यंत्राची चिप जेमतेम साडेतीन मेगाहर्ट्झची असतानाही. आज ती अडचण उरलेली नाही. २०१६ मध्ये खुद्द निन्टेन्डोने एनईएस क्लासिक मिनी विकायला काढला, तो आतून लिनक्सवर चालणारा एम्युलेटरच होता. मालकानेच सोंगाला मान्यता दिल्यावर खरे-खोटेपणाचा वाद बराचसा मिटायला हवा.

एका ठिकाणी मात्र मूळवादी शंभर टक्के बरोबर आहेत: बंदूक. डक हंट या खेळाची बंदूक गोळी सोडत नाही, ती प्रकाश पाहते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो चौकोन दिसला तर बदक पडते. हा डोळा जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत ओळीमागून ओळ धावणाऱ्या किरणाच्या लयीला जुळवलेला आहे. सपाट पडद्याच्या टीव्हीत ती लय नाही, शिवाय चित्र काही चौकटी उशिरा येते. तोवर यंत्राने हुकल्याचा निकाल देऊन टाकलेला असतो. एम्युलेटरवर माउस किंवा बोटाने बदक मारता येते, पण तो वेगळाच खेळ झाला. बाकी खेळांतही बटण दाबणे आणि उडी यांच्यात बिनतारी रिमोट व सपाट पडदा मिळून अंतर पाडतात. काही एम्युलेटर पुढच्या एक-दोन चौकटी आधीच मोजून हे अंतर भरून काढतात. तारेचा रिमोट घेतला की उरलेसुरलेही कमी होते. हा तोटा भरून निघतो, बंदुकीचा निघत नाही. म्हणून कोणाकडे जुना डबा-टीव्ही आणि बंदूक अजून चालत असेल, तर ती जोडी भंगारात देऊ नये, एवढे मी आग्रहाने म्हणेन.

पण ती जोडी किती दिवस चालेल? चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात भिंती ओल्या होतात, आणि खाणपट्ट्यात कोळशाची बारीक भुकटी सगळ्यावर बसते. यंत्रातल्या कपॅसिटरच्या आत पातळ द्रव असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. कॅसेटीच्या पिनांवर ओल आणि धूळ बसते. मग मुले कॅसेट काढून फुंकर मारतात. तोंडातली वाफ पिनांना खरे तर आणखी गंजवते. खेळ सुरू होतो तो कॅसेट पुन्हा घट्ट बसल्यामुळे, फुंकरीमुळे नव्हे. यात विजेचा हिशेबही धरावा लागतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे, महानिर्मितीचे सर्वांत मोठे. तरी दोन हजारच्या दशकात राज्यभर भारनियमन होते आणि खेड्यांना ते सर्वाधिक सोसावे लागले. स्वस्त कॅसेटींत खेळ जपून ठेवणारी बॅटरी नसे. लाइट गेली की कॉन्ट्राचा सातवा टप्पाही गेला. एम्युलेटरमध्ये वाटेल तिथे थांबून तेवढी अवस्था जपून ठेवता येते, आणि मूळवादी याला लबाडी म्हणतात. दर उडीआधी जपून ठेवणाऱ्याबद्दल ते ठीकच आहे. पण लाइटीचा भरवसा नसलेल्या घरात ती सोय लबाडी कशी? तिथे खेळ शेवटपर्यंत पोचण्याची ती एकमेव खात्री आहे.

कायद्याची शंका रास्त आहे. दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिणे आणि दुसऱ्याचा गेम फुकट उतरवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी प्रत करू देते, आणि दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत यासाठी लागणारी माहिती काढायलाही मुभा देते. फाइल कुठून आली, हा मात्र ज्याचा त्याने प्रामाणिकपणे सोडवायचा प्रश्न आहे. दुकानातून विकत घेऊ म्हणावे तर तीही वाट अरुंद आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवले, की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत.

आणि शेवटचा, मला सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप: चोरीची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, हे जपायचे तरी कशाला? कारण इथला इतिहास तोच आहे. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच गेम असत, आणि तेच पुढच्या टप्प्यापासून किंवा जादा जीव देऊन पुन्हा पुन्हा यादीत लावलेले असत. कित्येक कॅसेटींची यादी समुद्रकिनाऱ्याच्या चित्रावर उमटे. वर पक्षी उडत आणि अनचेन्ड मेलडीची धून चिपच्या आवाजात वाजे. ही यादी, हे बदललेले गेम कुठल्याही कंपनीच्या अधिकृत संग्रहात येणार नाहीत, कारण कोणतीही कंपनी त्यांना आपले म्हणणार नाही. शिवाय या कॅसेटी उघडल्या तर आत पाय असलेली चिप दिसत नाही, काळ्या राळेचा एक गोळा दिसतो. त्याखाली चिप थेट पट्टीवर चिकटवलेली असते. ती मेली की काढून दुसरी लावता येत नाही. जिवंत आहे तोवर ६० पिनांतून तिच्यातला मजकूर वाचून घेणे, एवढेच हातात आहे. काम अवघड नाही. मारिओचा अख्खा गेम ४० किलोबाइटचा, फोनवर पाठवलेल्या एका फोटोहून लहान. अशी कॅसेट कोणाच्या माळ्यावर सापडली तर आधी कोरड्या कापडाने पिना पुसाव्यात, मजकूर वाचून घ्यावा, फाइलच्या मथळ्यात चालीच्या जागी ३ लिहावे, आणि सोबतच्या नोंदीत ती कुठल्या गावची ते टाकावे: बल्लारपूर, मूल, आरमोरी, अहेरी.